यात्रेकडून पर्यटनाकडे : रेव्हरंड बाबा पदमनजी यांचे पाळकत्व आणि गद्यलेखन

प्रस्तावना

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात बाबा पदमनजी (१८३१-१९०६) यांचे नाव प्रामुख्याने ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीच्या संदर्भात घेतले जाते. मराठीतील पहिली स्वतंत्र सामाजिक कादंबरी लिहिणारे लेखक ही त्यांची ओळख अभ्यासक्रमांतून आणि वाङ्मयेतिहासांतून रूढ झाली आहे. दुसरीकडे ख्रिस्ती मंडळींच्या इतिहासात ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड या प्रेस्बिटेरियन पंथाचे दीक्षित पाळक, बायबलचे भाष्यकार आणि धर्मविषयक पुस्तकांचे बहुप्रसव लेखक म्हणून स्मरले जातात. या दोन ओळखी परस्परांना फारशा भेटत नाहीत. वाङ्मयसमीक्षक त्यांच्या धर्मप्रचाराकडे कलेत शिरलेला दोष म्हणून पाहतात, तर धर्मेतिहासकार त्यांच्या कादंबरीकडे प्रचाराचे एक साधन म्हणून पाहतात. बाबा पदमनजींचे पाळकत्व आणि त्यांचे गद्य यांचा उगम एकच आहे, अशी भूमिका घेऊन प्रस्तुत लेखात त्यांच्या दोन प्रमुख ग्रंथांचे मूल्यमापन केले आहे. त्यासाठी मराठवाड्यातील, विशेषतः माहूर परिसरातील धर्मपरंपरांचा संदर्भ जाणीवपूर्वक घेतला आहे.

जीवन आणि धर्मकार्य

बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ मध्ये बेळगाव येथे कासार कुटुंबात झाला. मराठी आणि कन्नड या दोन भाषांच्या सीमेवरील हे गाव. या परिसरातील सौंदत्तीची यल्लम्मा हे रेणुकेचेच रूप मानले जाते. माहूरगडावरील रेणुका आणि सौंदत्तीची यल्लम्मा यांना जोडणारा श्रद्धेचा धागा मराठी-कन्नड प्रदेशात फार जुना आहे. व्रते, उपवास, पुराणश्रवण आणि देवदर्शन यांनी भरलेल्या वातावरणात बाबांचे बालपण गेले. बालपणी ते अत्यंत श्रद्धाळू होते, ही गोष्ट त्यांच्या आत्मचरित्राच्या वाचकास विशेष जाणवते. ज्याने परंपरा कधी मनापासून पाळलीच नाही अशा माणसाचे हे धर्मांतर नव्हते.

बेळगाव येथील मिशन शाळेत आणि पुढे मुंबईत फ्री चर्चच्या शिक्षणसंस्थेत त्यांचे शिक्षण झाले. त्या काळी मुंबईत दादोबा पांडुरंग यांच्या प्रेरणेने स्थापन झालेली परमहंस सभा जातिभेद आणि मूर्तिपूजा यांना गुप्तपणे विरोध करीत होती. बाबांचा या सभेशी निकटचा संबंध आला. गुप्त सुधारणेची मर्यादा त्यांना तेथेच उमगली असावी, कारण सभेतील बहुतेकांनी घरी जुना आचार पाळून बाहेर नवा विचार बोलण्याचा मार्ग पत्करला होता. ३ सप्टेंबर १८५४ रोजी बाबांनी बेळगाव येथे बाप्तिस्मा घेतला. पुढे अध्यापन, नियतकालिकांचे संपादन आणि ग्रंथलेखन करीत असताना १८६७ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि पुणे येथील मंडळीची जबाबदारी त्यांच्याकडे आली. काही वर्षांनी पाळकपद सोडून त्यांनी बायबल सोसायटी आणि ट्रॅक्ट सोसायटी यांच्यासाठी लेखन, भाषांतर व संपादन या कार्यास वाहून घेतले. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचा त्यांनी सिद्ध केलेला संक्षेप (१८६३) विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी वापरला. लहानमोठी मिळून शंभराहून अधिक पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. १९०६ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

रिफॉर्म्ड परंपरा आणि गद्याची गरज

बाबा पदमनजी ज्या पंथाचे पाळक होते तो पंथ प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेच्या रिफॉर्म्ड, म्हणजे जॉन केल्विनच्या विचाराशी जोडलेल्या शाखेतील आहे. १८४३ मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये फूट पडली. मंडळीवर पाळक लादण्याचा जमीनदारांचा आणि राज्यसंस्थेचा अधिकार अमान्य करून बाहेर पडलेल्यांनी फ्री चर्च स्थापन केले. मुंबईतील जॉन विल्सन, रॉबर्ट नेस्बिट, मरे मिचेल हे मिशनरी फ्री चर्चमध्ये गेले. या परंपरेची काही वैशिष्ट्ये येथे ध्यानात घ्यावी लागतात. धर्माचा अंतिम आधार पवित्र शास्त्र हा आहे. उपासनेच्या केंद्रस्थानी मूर्ती वा विधी यांच्याऐवजी प्रवचन असते. मंडळीचा कारभार पाळक आणि वडील मिळून पाहतात. तारण हे मनुष्याच्या पुण्यकर्माने मिळत नसून देवाच्या कृपेने मिळते, आणि म्हणूनच प्रत्येकाने स्वतःच्या अंतःकरणाची सतत परीक्षा केली पाहिजे. वेस्टमिन्स्टर येथे सिद्ध झालेली १०७ प्रश्नोत्तरांची लघुप्रश्नोत्तरी ही या पंथाच्या शिक्षणाची पायाभूत पोथी होय.

या सर्व गोष्टींचा गद्याशी थेट संबंध आहे. जो धर्म वाचनावर उभा आहे त्याला लोकभाषेत वाचनीय मजकूर लागतो. जो धर्म प्रवचनावर उभा आहे त्याला युक्तिवाद करणारे वाक्य लागते. आत्मपरीक्षेवर उभा असलेला धर्म मनातील हालचालींची नोंद घेणारी भाषा घडवतो. प्रश्नोत्तरीच्या शिस्तीत वाढलेला लेखक पात्रांनाही प्रश्न विचारायला लावतो. ‘यमुनापर्यटन’मधील संवादांची ठेवण पाहिली तर हे स्पष्ट होते. तेथे एक पात्र रूढीचे समर्थन मांडते, दुसरे त्याचे कारण विचारते, कारण अपुरे ठरले की पुढचा प्रश्न येतो. या पद्धतीमुळे कादंबरीला कोरडेपणा येतो हे खरे. परंतु ‘असे का?’ हा प्रश्न सामान्य घरगुती मराठीत आणि तोही एका स्त्रीच्या तोंडून उमटण्याची सोय याच पद्धतीने झाली, हेही तितकेच खरे आहे.

मराठवाड्याच्या वाचकास या ठिकाणी एक जुने साम्य आठवल्यावाचून राहणार नाही. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकात महानुभाव पंथात सिद्ध झाला. प्रस्थापित कर्मकांडापासून वेगळ्या झालेल्या या समुदायाला आपल्या गुरूचे शब्द, त्याचे चालणे-बोलणे जसेच्या तसे जपायचे होते आणि त्यासाठी पद्यापेक्षा गद्य अधिक उपयोगी होते. श्रीदत्तात्रेयप्रभूंचे स्थान म्हणून माहूर महानुभावांना पूज्य आहे. तेराव्या शतकातील गद्य आणि एकोणिसाव्या शतकातील कादंबरी यांत थेट वारसा नाही. मात्र मराठी गद्याने घेतलेली ही दोन मोठी पावले मुख्य प्रवाहाबाहेर गेलेल्या धर्मसमुदायांच्या गरजेतून पडली, ही बाब योगायोग म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

‘यमुनापर्यटन’ : शीर्षकाचा अर्थ

या कादंबरीचे पूर्ण शीर्षक ‘यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’ असे आहे. त्यातील ‘पर्यटन’ हा शब्द विचार करण्याजोगा आहे. १८४१ मध्ये हरि केशवजी यांनी जॉन बनियनच्या प्रसिद्ध रूपककथेचे ‘यात्रिकक्रमण’ या नावाने मराठी भाषांतर केले होते. बनियन हा इंग्रज प्युरिटन परंपरेतील लेखक, म्हणजे बाबांच्याच धर्मकुळातील. त्याचा नायक विनाशनगरी सोडून स्वर्गीय नगरीकडे जातो. वाटेतील माणसे ही माणसे नसून गुणदोषांची रूपके आहेत. १८५७ मध्ये बाबांनी हाच प्रवासाचा सांगाडा घेतला, पण ‘यात्रिक’ हा शब्द टाळला. यमुना आणि तिचा पती विनायक वाटेत ज्या स्त्रियांना भेटतात त्या रूपके नाहीत. त्यांना घर आहे, सासर आहे, भूक आहे, केशवपनाची भीती आहे.

माहूर, तुळजापूर, कोल्हापूर आणि वणी या साडेतीन पीठांच्या प्रदेशातील वाचकाला यात्रा आणि पर्यटन यांतील अंतर समजावून सांगावे लागत नाही. यात्रेला ठरलेले ठिकाण असते, ठरलेली तिथी असते आणि शेवटी दर्शन असते. पर्यटनाला असे ठरलेले दर्शन नसते. दिसेल ते पाहायचे असते. बाबांनी दर्शनाचा रोख बदलला. रूढ यात्रेकरू गाभाऱ्यातील देवीचा मुखवटा पाहतो आणि देवळाबाहेर बसलेल्या मुंडित स्त्रीवरून त्याची दृष्टी सहज पुढे सरकते. यमुना नेमकी त्या स्त्रीपाशी थांबते. मूर्तिपूजा न मानणाऱ्या रिफॉर्म्ड पाळकाने पाहण्याची क्रिया नाकारली नाही, ती माणसाकडे वळवली, असे म्हणता येईल. भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या आरंभकाळातील तीन प्रवृत्ती दाखवताना ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मोचनगड’ (१८७१) यांच्यासमोर ‘यमुनापर्यटन’ला वास्तवाच्या प्रवृत्तीचे मूळ म्हणून ठेवले. या वास्तवाचे धर्मशास्त्रीय कारणही ध्यानात घेणे आवश्यक आहे. पापाचे वर्णन मोघमपणे करता येत नाही, ते नेमके सांगावे लागते, अशी पाळकाची शिस्त असते. विधवेच्या दुःखाचे तपशील याच शिस्तीतून आले आहेत.

कादंबरीच्या मर्यादा

असे असले तरी या कादंबरीचे दोष झाकून ठेवणे योग्य ठरणार नाही. विनायकाचा अपघाती मृत्यू, त्यानंतर यमुनेवर येणारे वैधव्याचे प्रसंग, तिचा ख्रिस्ती धर्मस्वीकार आणि शेवटी पुनर्विवाह हा क्रम कथेच्या ओघापेक्षा प्रतिपादनाच्या गरजेने ठरला आहे. वाटेत भेटलेल्या विधवांचे पुढे काय झाले, हे वाचकास कळत नाही. त्यांच्या कहाण्या पुराव्यासारख्या मांडल्या जातात आणि पुरावा मांडून झाला की बाजूला ठेवल्या जातात. सुटका फक्त यमुनेची होते, कारण उत्तर फक्त तिला सापडलेले असते.

कादंबरी प्रसिद्ध होण्याच्या आदल्याच वर्षी, १८५६ मध्ये, विधवा पुनर्विवाहाचा कायदा संमत झाला होता. हा कायदा कागदावर आला तरी घराच्या उंबरठ्याच्या आत पोहोचत नाही, हे बाबांनी अचूक ओळखले. तथापि त्यांनी दाखवलेला मार्ग घर आणि जात या दोहोंच्या बाहेर पडण्याचा होता. ज्या स्त्रीला बाहेर पडता येत नाही तिच्यासाठी या कादंबरीत दिलासा आहे, पण वाट नाही. १८८२ मध्ये विदर्भातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली तेव्हा त्यांनी कोणत्याही दुसऱ्या धर्माचा आधार न घेता, स्त्रीच्याच तोंडून आणि संतापाच्या भाषेत जाब विचारला. यमुना सौम्यपणे कारण विचारते, ताराबाई हिशोब मागतात. पंचवीस वर्षांतील हा फरक मराठी गद्याच्या वाढीचा आहे, तसाच बोलणारे कोण याचाही आहे.

दुसरी मर्यादा जातीची आहे. पुनर्विवाहाची बंदी प्रामुख्याने ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या जातींत होती; अनेक शेतकरी, कारागीर व अस्पृश्य मानलेल्या जातींत पाट लावण्याची रीत होती. त्यामुळे विधवांच्या स्थितीचे निरूपण असा व्यापक दावा करणारी ही कादंबरी प्रत्यक्षात समाजाच्या एका भागापुरती राहते. १८५५ मध्ये फुले यांच्या शाळेतील मांग समाजातील विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिचा महार-मांगांच्या दुःखावरील निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला होता. म्हणजे बाबांच्या कादंबरीच्या दोनच वर्षे आधी आणि मिशनऱ्यांच्याच नियतकालिकात दुःखाची दुसरी बाजू मांडली गेली होती. ती बाजू ‘यमुनापर्यटन’च्या वाटेत येत नाही. बाबांना जातिप्रश्नाची जाण नव्हती असा याचा अर्थ नाही. त्यांच्या ‘सत्यदीपिका’ या नियतकालिकात १८६९ मध्ये महात्मा फुले यांचा विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजींवरील पोवाडा प्रसिद्ध झाला होता. संपादकाची दृष्टी कादंबरीकाराच्या दृष्टीहून व्यापक होती, एवढेच येथे म्हणता येते.

दुसरा पाळक : जालन्याचे नारायण शेषाद्री

या मर्यादेचा विचार करताना त्याच पंथाच्या दुसऱ्या एका पाळकाचे कार्य समोर ठेवणे उपयुक्त ठरते. रेव्हरंड नारायण शेषाद्री हे मूळचे ब्राह्मण. १८४३ मध्ये मुंबईत रॉबर्ट नेस्बिट यांच्या हस्ते त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हा अल्पवयीन असल्याने न्यायालयाने त्यास वडिलांच्या स्वाधीन केले. त्याला प्रायश्चित्त देऊन पुन्हा जातीत घ्यावे की नाही, यावरून ब्राह्मण समाजात मोठा वाद माजला आणि बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला परत घेण्याच्या बाजूने उभे राहून सनातन्यांचा रोष पत्करला. हे श्रीपत शेषाद्री प्रकरण प्रबोधनकाळाच्या प्रत्येक अभ्यासकास ठाऊक आहे. मात्र त्यातील थोरल्या भावाचे पुढे काय झाले, याकडे मराठी वाचकाचे फारसे लक्ष गेलेले नाही.

नारायण शेषाद्री पुढे फ्री चर्चचे दीक्षित पाळक झाले आणि निजामाच्या राज्यातील जालना हे त्यांचे कार्यक्षेत्र बनले. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभी केली. तेथील रहिवाशांत मांग समाजातील ख्रिस्ती कुटुंबांचा भरणा होता. १८७३ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत त्यांनी भाग घेतला. १८९१ मध्ये त्यांचे निधन झाले.

दोघेही एकाच पंथाचे, एकाच संस्थेच्या छायेत वाढलेले आणि एकाच प्रश्नोत्तरीने घडलेले. एकाने ग्रंथ रचले, दुसऱ्याने गाव वसवले. ज्या ब्राह्मणपुत्राच्या भावाला पंक्तीत घ्यावे की नाही यावर पंडितांत वाद झाला, त्याने मराठवाड्याच्या मातीत मांगांबरोबर पंगत मांडली. बाबांच्या कादंबरीत जे घडले नाही ते बेथेलमध्ये घडले. मात्र बेथेलची कादंबरी कोणी लिहिली नाही. मिशनच्या अहवालांत तेथील माणसे आकड्यांनी येतात; यमुनेसारखा स्वतःचा प्रश्न विचारणारे एकही पात्र त्यांच्यातून मराठी वाङ्मयात आले नाही. मराठवाड्याच्या वाङ्मयीन इतिहासातील ही पोकळी भरून येण्यास पुढे दलित साहित्याची वाट पाहावी लागली. तेव्हा त्या वस्तीतील माणूस स्वतःच बोलू लागला, त्याला पाळकाच्या मध्यस्थीची गरज उरली नाही.

‘अरुणोदय’ : न सांगितलेला दिवस

१८८८ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘अरुणोदय’ हे बाबांचे स्वलिखित चरित्र मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांपैकी एक होय. दादोबा पांडुरंगांनी त्यापूर्वीच आत्मचरित्र लिहावयास घेतले होते, परंतु ते बऱ्याच उशिरा प्रकाशात आले. ‘अरुणोदय’चा मुख्य विषय बाप्तिस्म्यापर्यंतचा प्रवास हा आहे. येथे रिफॉर्म्ड आत्मपरीक्षेची पद्धत सर्वाधिक फलद्रूप झालेली दिसते. लेखक स्वतःला वीर म्हणून सादर करीत नाही. बुद्धीला पटलेले सत्य आचरणात आणताना होणारी टाळाटाळ, आईवडिलांच्या दुःखाची भीती, जातीबाहेर पडल्यावर येणाऱ्या एकाकीपणाची धास्ती यांची नोंद तो बारकाईने करतो. मराठीत मनातील दुबळेपणाचे इतके सविस्तर गद्यवर्णन त्यापूर्वी क्वचितच झाले असेल. संतांच्या अभंगांत आत्मनिंदा विपुल आहे, परंतु ती देवापुढे केलेली विनवणी आहे. ‘अरुणोदय’मधील कबुली तारखा, ठिकाणे आणि संभाषणे यांसह वाचकापुढे ठेवलेली आहे.

परंतु शीर्षकानुसार हा ग्रंथ पहाटेचाच राहतो. सूर्य उगवल्यानंतरचा दिवस, म्हणजे मंडळीचा कारभार, अल्पसंख्य समाजाचे रोजचे जगणे, परदेशी मिशनरी व देशी पाळक यांचे संबंध, हे त्याच्या कक्षेबाहेर राहते. कोणत्याही धर्मांतरकथेला हा धोका असतो. तिच्या लेखी निर्णय हाच कळस ठरतो आणि निर्णयानंतरचे आयुष्य पुरवणीसारखे उरते. वस्तुतः पाळकाचे खरे काम निर्णयानंतर सुरू होते. बाबांनी ते काम केले, परंतु त्याला आपल्या श्रेष्ठ गद्याचा विषय केले नाही.

येथे नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांची तुलना सुचते. अमेरिकन मराठी मिशनच्या या पाळकाने १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. तुकारामाच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो अशी त्यांची धारणा होती आणि त्यांनी अभंग, ओवी, कीर्तन हे प्रकार ख्रिस्ती उपासनेत आणले. बाबांनी परंपरेशी वाद घातला, टिळकांनी तिच्याशी नाते जोडले. टिळकांचा मार्ग मराठी मनाला अधिक जवळचा वाटला, यात नवल नाही. तथापि वाद घालणाऱ्यालाही परंपरा आतून ठाऊक असावी लागते. बेळगावच्या श्रद्धाळू मुलाने तिचा त्याग करण्यापूर्वी ती मनोभावे जगून पाहिली होती, म्हणून त्याचा वाद परक्याचा वाटत नाही.

निष्कर्ष

१. बाबा पदमनजी यांचे पाळकत्व हे त्यांच्या वाङ्मयावरील बाह्य ओझे नाही. शास्त्रवाचन, प्रवचन, प्रश्नोत्तर आणि आत्मपरीक्षा या रिफॉर्म्ड परंपरेच्या चार शिस्तींतूनच त्यांच्या गद्याची घडण झाली आहे.

२. ‘यमुनापर्यटन’चे सामर्थ्य आणि दोष एकाच ठिकाणी आहेत. दुःख नेमके पाहण्याची सवय ज्या धर्मनिष्ठेने दिली, तिनेच त्या दुःखाचे एकमेव उत्तर आधीच ठरवून ठेवले.

३. कादंबरीतील जातीची मर्यादा नारायण शेषाद्री यांच्या जालन्यातील कार्याशेजारी ठेवल्यावर अधिक स्पष्ट होते. ग्रंथ आणि गाव यांतील हे अंतर मराठवाड्याच्या अभ्यासकांनी स्वतंत्रपणे तपासण्याजोगे आहे.

४. ‘अरुणोदय’ने मराठी गद्याला मनातील द्विधेची भाषा दिली. मात्र धर्मांतरानंतरचे सामुदायिक जीवन त्यात अलिखित राहिले.

रेणुका, दत्त आणि महानुभाव या तीन श्रद्धा एका डोंगररांगेवर नांदवणाऱ्या माहूरसारख्या ठिकाणी वेगळ्या श्रद्धेच्या लेखकाचे वाचन करणे अवघड नाही. त्याच्या धर्माशी सहमत न होताही त्याच्या प्रश्नाशी प्रामाणिक राहता येते. देवळापर्यंत जाणाऱ्या वाटेवर जी माणसे बसलेली असतात त्यांच्याकडे पाहिल्याशिवाय दर्शन पूर्ण होते काय, असा तो प्रश्न आहे. १८५७ मध्ये तो मराठीत एका कादंबरीच्या रूपाने विचारला गेला आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी कोणत्याही एका धर्माच्या अनुयायांपुरती मर्यादित नाही.